तुमच्या गाडीचा वेग बस ठरवते

ट्राफिकचा विषय निघाला की बहुतेक जण एकच उपाय सांगतात, रस्ता रुंद करा, नाहीतर वरून फ्लायओव्हर काढा. मला दरवेळी वाटतं की हे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. कारण गर्दीच्या वेळी तुमची गाडी किती वेगाने जाणार हे रस्त्याच्या रुंदीपेक्षा त्याच वाटेने जाणारी बस किंवा ट्रेन किती चांगली आहे यावर जास्त अवलंबून असतं. पहिल्यांदा ऐकलं की हे उलटं वाटतं, म्हणून सावकाश एकेक टप्पा घेऊन बघू.

आधी जाम होतो कसा ते. चालत्या रस्त्यावर दोन गाड्यांमध्ये साधारण दोन सेकंदांचं अंतर लागतंच, त्याहून कमी ठेवलं आणि पुढच्याने ब्रेक मारला तर आपण त्याच्यावर जाऊन आदळणार. म्हणजे एका लेनमधून तासाला साधारण १८०० गाड्या, आणि मधे सिग्नल असेल, निम्मा वेळ लाल, तर ९०० च्या आसपास. ड्रायव्हर कितीही तरबेज असले तरी हा आकडा फारसा वर सरकत नाही. आणि रस्ता भरत जातो तसा हळूहळू मंदावतो असंही नसतं, मर्यादेच्या बराच खाली असेपर्यंत तो व्यवस्थित चालतो, मर्यादेजवळ आला की एकदम कोलमडतो. जपानमधल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने (युकी सुगियामा आणि त्यांचे सहकारी) २००८ साली ह्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला, २३० मीटर घेराच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना सांगितलं की साधारण ताशी ३० च्या वेगाने नुसतं चालत राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना कोणी आडवं येणारं. तरी थोड्या वेळात कोणीतरी जरासा वेग कमी केला, मागच्याने त्याहून जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, आणि बघता बघता गाड्या जागेवर थांबायला लागल्या आणि तो थांबण्याचा पट्टा उलट्या दिशेने मागे मागे सरकत राहिला. गाड्या दाट झाल्या की जाम व्हायला कोणी चुकायचीही गरज नसते.

ह्यातच एक आशेची गोष्ट आहे. शेवटच्या थोड्या गाड्यांनी रस्ता कोलमडतो, म्हणजे तेवढ्या थोड्याच गाड्या कमी झाल्या तरी तो पुन्हा चालायला लागतो. शाळांना सुट्टी लागली की रस्ते मोकळे वाटतात ना, तेव्हा रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या गायब झालेल्या नसतात, थोडासाच हिस्सा कमी झालेला असतो. त्यामुळे ट्राफिक कमी करायचं म्हणजे सगळ्यांनी गाडी सोडायची असं कोणी म्हणत असेल तर ते गणिताला धरून नाही. दहातल्या एकाने जरी मनापासून दुसरा पर्याय निवडला तरी उरलेल्या नऊ जणांचा दिवस बदलतो. प्रश्न एवढाच की त्या एकाला निवडावासा वाटेल असा पर्याय आहे का.

मग रस्ता रुंद केला की काय बिघडतं? सुरुवातीला काहीच बिघडत नाही, काही महिने सगळे खूश असतात. पण जाम असताना बऱ्याच लोकांनी आपापली सोय लावून घेतलेली असते, कोणी पहाटे लवकर निघतं, कोणी लांबच्या वळणाने जातं, कोणी ट्रेन धरतं, कोणी ते काम जवळच उरकतं किंवा जातच नाही. रस्ता मोकळा झाल्याचं कळलं की हे सगळे परत येतात, त्याच वेळेला, त्याच रस्त्यावर. अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच हे लिहून ठेवलंय की शहरातल्या एक्स्प्रेसवेवर गर्दीच्या वेळची गर्दी वाढत वाढत रस्त्याच्या पूर्ण क्षमतेपर्यंत पोचतेच. नंतर २०११ मध्ये गाइल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर ह्या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांचे अनेक वर्षांचे आकडे तपासले तर त्यांना दिसलं की लेनची एकूण लांबी जेवढे टक्के वाढते, गाड्या एकूण जेवढे किलोमीटर धावतात तेही जवळपास तेवढेच टक्के वाढतात. अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग हे ह्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे, २००८ पर्यंत तो रुंद करून झाला, बाजूचे सर्व्हिस रस्ते धरले तर काही ठिकाणी २६ लेन, आणि तरीही २०११ ते २०१४ ह्या काळात संध्याकाळच्या गर्दीत लागणारा वेळ ५० टक्क्यांहून जास्त वाढला. ह्यूस्टन शहर स्वतः वाढत होतं हे खरं, पण मग त्या वाढीला २६ लेनही पुरल्या नाहीत हेही तितकंच खरं.

ह्याच्या मागे अजून एक सवय आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. याकोव्ह झहावी ह्या वाहतूक अभ्यासकाने १९७० च्या दशकात वेगवेगळ्या शहरांचे आकडे मांडून दाखवलं होतं की माणसं रोजच्या प्रवासावर सरासरी तासाभराच्या आसपासच वेळ घालवतात, आणि शहर बदललं तरी त्यात फार फरक पडत नाही. म्हणजे रस्ता वेगवान केला तर लोक वाचलेला वेळ घरी बसून घालवतात असं होत नाही, ते लांब राहायला जातात, लांबची नोकरी धरतात, दुकानं आणि ऑफिसं लांब सरकतात. दहा वर्षांनी बघावं तर वेळ तेवढाच लागतोय, अंतर तेवढं वाढलंय. आणि एकदा सगळं लांब पसरलं की चालत किंवा सायकलवर जाण्यासारखं काही उरतच नाही, मग गाडी ही निवड राहत नाही, सक्ती होते.

आता मुख्य मुद्दा. समजा एका उपनगरातून शहराच्या मध्यभागी जायला ट्रेनने दारापासून दारापर्यंत ५० मिनिटं लागतात, म्हणजे स्टेशनपर्यंतचं चालणं, वाट बघणं, प्रवास आणि पुढचं चालणं सगळं धरून. आणि त्याच वाटेवर गाडीने आज ३५ मिनिटं लागतात. मग ट्रेनने जाणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे गाडी आहे त्यातले काही जण म्हणतील की उगाच पाऊण तास उभं कशाला राहू, ते गाडी काढतील, रस्ता भरेल, ३५ चे ४० होतील, ४५ होतील, ५० च्या जवळ आले की गाडीकडे वळणाऱ्यांचा ओघ थांबेल. उलट एखाद्या दिवशी रस्त्यावर ७० मिनिटं लागायला लागली तर गाडीवाले ट्रेनकडे वळतील आणि रस्ता पुन्हा ५० च्या आसपास येईल. म्हणजे रस्त्यावरचा वेळ ट्रेनच्या वेळेला बांधलेला आहे. आता ट्रेन सुधारून ४० मिनिटांवर आणली तर रस्ताही ४० कडे सरकतो. ह्याला डाउन्स-थॉमसन विरोधाभास म्हणतात. तंतोतंत मिनिटाला मिनिट असं अर्थातच होत नाही, गाडीत स्वतःची सीट असते, सामान ठेवता येतं, त्यासाठी लोक पाच-दहा मिनिटं जास्तही सोसतात, आणि हे मुख्यतः तिथेच लागू पडतं जिथे पर्याय वेगळ्या मार्गाने धावतो आणि बऱ्याच लोकांना दोन्हीतून निवड करता येते. पण दिशा मात्र पक्की आहे.

आता हेच गणित अशा शहरात लावून बघा जिथे बस त्याच जाममध्ये अडकलेली आहे. बसला जाम तेवढाच लागतो, वर स्टॉपवर थांबावं लागतं, वर स्टॉपपर्यंत चालणं आणि वाट बघणं आहेच. म्हणजे बस ही गाडीपेक्षा कायम हळू, जाम कितीही वाढला तरी हळूच. अशा वेळी गाडीवाल्याला गाडी सोडायचं एकही कारण नाही, आणि रस्त्याला खाली घसरताना अडवणारं काहीही नाही. तीच बस वेगळ्या लेनमधून न थांबता पुढे गेली की पहिल्यांदा चित्र पालटतं, जाममध्ये बसलेला माणूस शेजारून बस निघून गेलेली बघतो आणि मनात हिशोब करतो. म्हणून म्हणतोय की ज्याला आयुष्यभर गाडीच चालवायची आहे त्याने तर बस लेनसाठी सगळ्यात आधी भांडायला हवं.

आणि उलटं चक्रही लक्षात घ्या, कारण जगातली कितीतरी शहरं त्यातच अडकली. रस्ता रुंद केला, बसचे काही प्रवासी गाडीकडे गेले, बसचं उत्पन्न घटलं, मग खर्च वाचवायला दर दहा मिनिटांची बस दर वीस मिनिटांनी केली, त्यामुळे अजून प्रवासी गेले, आणि शेवटी रस्ता रुंद करूनही गाडीवाले आणि बसवाले दोघांचाही वेळ आधीपेक्षा वाढला. पैसे खर्च करून सगळ्यांचं नुकसान करता येतं ते असं.

मग चांगला पर्याय म्हणजे काय? इथे बऱ्याचदा एसी, वायफाय, चकचकीत स्टॉप ह्यावर बोलणं घसरतं. हे असावंच, पण निवड त्यावर होत नाही. सगळ्यात वरचा नंबर फेऱ्यांचा. दर ३० मिनिटांनी बस असेल आणि तुम्ही वेळ न बघता स्टॉपवर गेलात तर सरासरी १५ मिनिटं थांबावं लागणार, दर ६ मिनिटांनी असेल तर ३ मिनिटं. वाट बघण्याचा वेळ माणसाला दीडपट-दुप्पट जड जातो हे प्रवासाच्या अभ्यासात वारंवार दिसतं, म्हणजे ती १५ मिनिटं मनात अर्ध्या तासाएवढी होतात. शिवाय फेऱ्या भरपूर असल्या की बस बदलण्याची भीती जाते. आणि बस बदलायची भीती गेली की प्रत्येक वस्तीतून प्रत्येक ठिकाणी थेट बस द्यायची गरज उरत नाही, त्याऐवजी थोडे सरळ मार्ग, पण खूप फेऱ्या, असं जाळं विणता येतं आणि तेवढ्याच बसमध्ये शहराचा मोठा भाग पोचण्याजोगा होतो. लोकांना थेट बस हवी असते आणि ती मागणी चुकीची नाही, पण तेवढ्याच बस शंभर वाकड्या मार्गांवर वाटल्या की प्रत्येक मार्गावर तासाला एक येते आणि मग कोणालाच तिचा उपयोग होत नाही.

दुसरं म्हणजे भरवसा. रोज ४० मिनिटं घेणारी बस लोक चालवून घेतात, पण आज ३० आणि उद्या ७० घेणारी बस नाही चालवून घेत, कारण मग रोज ७० धरूनच निघावं लागतं. बस बेभरवशाच्या का होतात ह्याचंही एक सोपं कारण आहे. एका बसला थोडा उशीर झाला की पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात, ती चढायला जास्त वेळ लागतो, ती अजून उशिरा, आणि तिच्या मागच्या बसला मात्र रिकामे स्टॉप मिळतात म्हणून ती लवकर पोचते, शेवटी दोन्ही एकामागोमाग एक येतात, पहिली खच्चून भरलेली आणि दुसरी मोकळी. अर्धा तास काहीच नाही आणि मग दोन एकदम, हे जे जगभरच्या स्टॉपवर अनुभवायला येतं त्यात ड्रायव्हरचा दोष क्वचितच असतो. ह्याच्यावरचे उपाय स्वस्त आहेत, सगळ्या दारांतून चढू देणं, तिकीट आधीच किंवा कार्डने, म्हणजे दारात रांग लागणार नाही, बस जवळ आली की सिग्नल थोडा जास्त हिरवा ठेवणं, आणि अर्थातच वेगळी लेन. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये जैमे लर्नर महापौर असताना बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळे मार्ग सुरू केले, नंतर तिथे बसच्या दाराच्या उंचीचे नळकांड्यासारखे स्टॉप आले जिथे आत शिरतानाच पैसे भरायचे, म्हणजे मेट्रोची बरीचशी सोय मेट्रोच्या खर्चाच्या मानाने फार कमी पैशात. कोलंबियातल्या बोगोटा शहराची ट्रान्समिलेनियो ही बस व्यवस्था २००० च्या शेवटी सुरू झाली ती ह्याच धर्तीवर, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर.

लेन बसला दिली की गाड्यांची जागा कमी होते असा आक्षेप येतो, तेव्हा गाड्या न मोजता माणसं मोजा. उत्तर अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक विभागांची नॅक्टो नावाची संघटना आहे, तिच्या मार्गदर्शिकेत एका लेनची तुलना दिलीये. साधारण तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला खासगी गाड्यांनी ६०० ते १६०० माणसं जातात, आणि तोच पट्टा फक्त बससाठी ठेवला तर ४००० ते ८०००. फुटपाथ म्हणून ठेवला तर ९००० पर्यंत. बस लेन लांबून रिकामी दिसते ती ह्याचमुळे, बस येते आणि साठ-सत्तर माणसं घेऊन निघून जाते, लेन पुन्हा मोकळी. शेजारची लेन गाड्यांनी गच्च भरलेली दिसते पण तिच्यातून माणसं कमीच पुढे जात असतात. डोळ्यांना हे पटायला वेळ लागतो हे मान्य, त्यामुळे हे आकडे शहरांनी रस्त्यावरच बोर्ड लावून दाखवायला हवेत असं माझं मत आहे.

चालण्याबद्दल फार कमी बोललं जातं आणि ते मला खटकतं. बसने जाणारा प्रत्येक माणूस आधी आणि नंतर पायी चालणाराच असतो. स्टॉपवर उतरल्यावर सहा लेनचा रस्ता जीव मुठीत धरून ओलांडायचा असेल, फुटपाथ मधेच संपत असेल, रात्री दिवे नसतील तर बस कितीही चांगली असू दे, मुलीला किंवा म्हाताऱ्या आईला त्या बसने कोणी पाठवणार नाही. म्हणजे बसवर केलेला सगळा खर्च शेवटच्या दोनशे मीटरवर वाया जाऊ शकतो. फुटपाथ, जमिनीवरूनच सरळ ओलांडता येणारं क्रॉसिंग आणि उजेड ह्या ट्राफिक कमी करणाऱ्या गोष्टी आहेत, त्यांना सुशोभीकरणाच्या खात्यात टाकू नये.

सायकलचंही तसंच. चार-पाच किलोमीटरच्या आतली कितीतरी कामं गाडीने होतात आणि शहरात तेवढ्या अंतराला सायकल बऱ्याचदा तेवढाच वेळ घेते. लोक सायकल का काढत नाहीत तर मुख्यतः भीतीने. रस्त्यावर नुसता रंगाचा पट्टा मारून ती भीती जात नाही, मधे कठडा लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मार्ग मधे तुटता कामा नये. नऊ किलोमीटर सुरक्षित आणि एक किलोमीटर ट्रकच्या मधून असा मार्ग म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने पूर्णच असुरक्षित. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये एक वेगळीच युक्ती केली, शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले आणि एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाणं बंद केलं. गाडीने प्रत्येक भागात पोचता येत होतं, पण आधी बाहेरच्या रिंग रोडवर जाऊन फिरून यायचं, आणि चालणारे, सायकलवाले मात्र सरळ आरपार. दुकानदारांचा तेव्हा कडाडून विरोध होता. पण ह्यात गाडीवर बंदी कुठेच नव्हती, फक्त जवळच्या अंतराला गाडी हा लांबचा रस्ता झाला. आज ते सायकलच्या वापरात जगातल्या आघाडीच्या शहरांपैकी एक आहे.

आता एक गोष्ट जी पर्यायांच्या बाजूने बोलणारे (माझ्यासकट) बऱ्याचदा पुरेशा जोरात सांगत नाहीत. नुसते पर्याय दिले की ट्राफिक कमी होतं असं नाही. स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये हे अगदी स्वच्छ दिसलं कारण तिथे दोन पावलं वेगवेगळ्या वेळी टाकली गेली. ऑगस्ट २००५ मध्ये त्यांनी सुमारे दोनशे जादा बस आणि नवीन मार्ग सुरू केले, गाड्यांच्या संख्येत मोजता येईल असा फरक पडला नाही. मग ३ जानेवारी २००६ पासून शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या-निघणाऱ्या गाड्यांवर वेळेनुसार शुल्क लावलं, आणि त्या हद्दीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली, जवळजवळ लगेच. कारण पुन्हा तेच, काही लोक बसकडे गेले की जी जागा रिकामी होते ती दुसरे गाडीवाले भरून काढतात. रिकामी झालेली जागा राखून ठेवायला काहीतरी लागतं, शुल्क, महाग पार्किंग, नाहीतर ती जागाच बसला, सायकलला, फुटपाथला देऊन टाकणं.

पण मग नुसतं शुल्कच का लावू नये? कारण पर्याय नसताना शुल्क म्हणजे नुसता दंड, तो ज्यांना परवडतो ते भरतात आणि ज्यांना परवडत नाही ते अडकतात. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला मध्य भागात शुल्क सुरू केलं तेव्हा त्याच दिवसापासून सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या, आणि शुल्कातून खर्च जाऊन उरणारा पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं कायद्याने बांधलेलं होतं. गाडी परवडत नाही असा शहरातला मोठा वर्ग आधीपासूनच बसमध्ये असतो आणि दुसऱ्यांच्या गाड्यांमुळे झालेल्या जाममध्ये रोज वेळ गमावत असतो, न्यायाचा विचार करताना तो वर्ग आधी डोळ्यासमोर ठेवायला हवा.

पार्किंग हा त्याहून शांतपणे काम करणारा भाग. गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते, आणि ती जागा फुकट असेल तर तिचा खर्च गाडी नसलेल्यांसकट सगळे मिळून भरत असतात. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये कायदा झाला की कर्मचाऱ्यांसाठी भाड्याने पार्किंग घेणाऱ्या ठरावीक कंपन्यांनी त्याऐवजी तेवढी रोख रक्कम घ्यायचाही पर्याय द्यावा. डोनाल्ड शूप ह्या प्राध्यापकाने अशा आठ कंपन्यांचा अभ्यास केला, एकट्याने गाडी घेऊन येणारे १७ टक्क्यांनी कमी झाले. कोणाला उपदेश नाही, कोणावर बंदी नाही, पार्किंग हवं त्याला पार्किंग मिळतच होतं. फक्त फुकट वाटणाऱ्या गोष्टीची किंमत माणसाच्या हातात ठेवली. मला स्वतःला ह्या सगळ्या उपायांमध्ये हा सर्वात आवडतो, कारण कुठलीही मोठी कंपनी उद्या ठरवून हे करू शकते, सरकारची वाट न बघता.

बस फुकट केली तर? ऐकायला आकर्षक आहे आणि गरिबांना त्याने दिलासा मिळतो, ते कारण स्वतंत्रपणे पुरेसं असू शकतं. पण ट्राफिक कमी होण्यासाठी म्हणाल तर एस्टोनियाची राजधानी टालिनने २०१३ च्या सुरुवातीला रहिवाशांसाठी प्रवास फुकट केला तेव्हा नवीन प्रवाशांमध्ये मोठा भाग आधी पायी जाणाऱ्यांचा निघाला, गाडीवाले थोडेच. गाडी चालवणारा माणूस तिकिटाचे पैसे वाचवायला गाडी चालवत नसतो, तो वेळ आणि भरवसा बघतो. तेवढेच पैसे फेऱ्या वाढवायला लावले तर गाडीवाला जास्त हलतो.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, त्यांनी धूर कमी होतो आणि ते मोठं काम आहे, पण रस्त्यावर त्या जागा तेवढीच घेतात. ॲपवरच्या टॅक्सीने पार्किंगची गरज घटते पण एक प्रवासी सोडून दुसऱ्याकडे जाताना ती रिकामी धावते, म्हणजे तेवढे किलोमीटर वाढतात.

रस्ता कमी केला तर शहर ठप्प होईल ही भीती मात्र खरीच मोठी असते, म्हणून दक्षिण कोरियाची राजधानी सोलचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे मध्यवर्ती भागात चॉंगग्येचॉन नावाच्या ओढ्यावर काँक्रीट टाकून रस्ता आणि त्यावर उन्नत एक्स्प्रेसवे बांधला होता, दिवसाला दीड लाखाहून जास्त गाड्या त्यावरून जायच्या. २००३ मध्ये तो पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथे पुन्हा ओढा वाहता केला. शहर ठप्प झालं नाही. पण हे नुसतं पाडल्यामुळे जमलेलं नाही, मधल्या काळात १ जुलै २००४ ला सोलने अख्खी बस व्यवस्था एका दिवसात बदलली होती, मार्ग नव्याने आखले, रस्त्याच्या मधून बस लेन काढल्या, आणि बसमधून मेट्रोत जाताना वेगळं भाडं नाही असं एकच कार्ड केलं. पहिल्या काही दिवसांत प्रचंड गोंधळ आणि संताप होता, नंतर व्यवस्था बसली.

ह्या सगळ्यात ज्यांना गाडी लागतेच त्यांना विसरून चालणार नाही. अवजारं घेऊन दिवसात पाच घरी जाणारा प्लंबर, माल पोचवणारे, व्हीलचेअरवरचा माणूस, रात्रपाळीची नर्स, ॲम्ब्युलन्स. त्यांना बसमध्ये बसा म्हणणं चूकच. पण ज्यांना दुसरा पर्याय चालला असता अशा गाड्या रस्त्यावर जेवढ्या जास्त, तेवढी हीच माणसं जास्त अडकतात, आणि त्यांच्यासाठी रस्ता मोकळा करायचा तर बाकीच्यांना दुसरीकडे जाण्यासारखी जागा द्यायलाच लागेल. बस लेनमधून ॲम्ब्युलन्सही जाऊ शकते, गच्च भरलेल्या चार लेनमधून नाही जाऊ शकत.

तुमच्या भागात रुंदीकरणाचा किंवा बस लेनचा प्रस्ताव आला तर काही प्रश्न जरूर विचारा. ह्या रस्त्यावरून तासाला किती माणसं जातात ते मोजलंय का, की फक्त गाड्या मोजल्या? बसचा वेळ किती वाचणार, आणि वाचलेल्या वेळात तेवढ्याच बसच्या जास्त फेऱ्या करणार का? स्टॉपपर्यंत चालत जायचा रस्ता कोणी प्रत्यक्ष चालून बघितलाय का? शुल्क किंवा पार्किंगचा पैसा कुठे जाणार? आणि शक्य असेल तर आधी काही महिन्यांची चाचणी मागा, तारखा आधी जाहीर करून, आधीचे आणि नंतरचे आकडे लोकांसमोर ठेवून. स्टॉकहोमने तेच केलं होतं, सात महिने चाचणी, ३१ जुलै २००६ ला शुल्क बंद, आणि मग सप्टेंबरमध्ये सार्वमत. चाचणीच्या आधी बहुतेक लोक विरोधात होते. शुल्क बंद झाल्यावर गाड्या पुन्हा वाढल्या आणि लोकांना फरक दोन्ही बाजूंनी बघायला मिळाला, शहरातल्या मतदानात थोड्या फरकाने होकार जिंकला, ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचं झालं, आणि पुढच्या वर्षांमध्ये त्याला असलेला पाठिंबा वाढत गेला.